मनीबॉलमधलं खरं किती, आणि ते आपल्या टीमला लागू पडतं का?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. तू एमएस्सी स्टॅटिस्टिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहेस, कॉलेजच्या क्रिकेट टीमचं स्कोअरिंग करतोस, परवा मनीबॉल हा अमेरिकेतल्या एका बेसबॉल टीमवरचा पिक्चर बघितलास, बेसबॉल फारसा कळला नाही तरी पिक्चर डोक्यातून जात नाहीये. आणि विचारतोयस की हे खरंच असं झालं होतं का, म्हणजे एका कॉम्प्युटरवाल्या पोराने तीस-तीस वर्षं खेळाडू शोधणाऱ्या लोकांना खोटं पाडलं का, आणि तसं असेल तर तुमच्या सरांना आकडे दाखवून टीम सिलेक्शन बदलता येईल का. वयाने बराच लहान आहेस म्हणून सरळ तूच म्हणतो.

मी वीसेक वर्षं स्टॅटिस्टिशियन म्हणून काम करतोय, पोट औषधांच्या चाचण्यांवर चालतं. राहायला २००० पासून कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला, ओकलंडच्या दक्षिणेला, त्यामुळे पिक्चरमधली टीम म्हणजे ओकलंड ॲथलेटिक्स, ज्यांना इथे सगळे नुसतं ए'ज म्हणतात, ती आमची घरची टीम होती. बार्ट ट्रेनने कोलिझियम स्टेशनला उतरायचं आणि पुलावरून चालत थेट स्टेडियममध्ये. पहिल्या वर्षी एका सहकाऱ्याने नेलं तेव्हा मलाही काही कळलं नव्हतं. शिवाय इथल्या वीकेंड क्रिकेट लीगमध्ये बरीच वर्षं एका क्लबचे आकडे सांभाळलेत, त्यात एक मोठी चूकही केलीये, ती पुढे सांगतो.

आधी एक गोष्ट. तू प्रश्न "आकडे की अनुभव" असा मांडलायस. पिक्चर बघून तसंच वाटतं, कारण टेबलाभोवती बसलेले म्हातारे एका बाजूला आणि लॅपटॉप घेतलेला पोरगा दुसऱ्या बाजूला असं दाखवलं की भांडण दिसतं आणि पिक्चरला भांडण लागतंच. पण ओकलंडसमोरचा खरा प्रश्न पैशांचा होता. २००२ साली त्यांचा खेळाडूंच्या पगाराचा एकूण खर्च साधारण ४ कोटी डॉलर, आणि न्यूयॉर्क यांकीजचा साधारण साडेबारा कोटी. तिथे आपल्या आयपीएलसारखी सगळ्यांना सारखी पर्स नाही, ज्याच्याकडे पैसा त्याने ओतावा. २००१ मध्ये ओकलंडने १०२ मॅच जिंकल्या आणि सीझन संपल्यावर तीन मोठे खेळाडू निघून गेले, जेसन जिआंबी यांकीजकडे ७ वर्षांच्या १२ कोटी डॉलरच्या करारावर, जॉनी डेमन बॉस्टनला, आणि जेसन इझरिंगहाउझन सेंट लुईसला. अशा परिस्थितीत "सगळ्यात चांगला खेळाडू कोण" हा प्रश्न विचारून उपयोगच नाही, कारण उत्तर मिळालं तरी तो खेळाडू न्यूयॉर्कच घेऊन जाणार. म्हणून बिली बीन, म्हणजे टीम जमवणारा ओकलंडचा जनरल मॅनेजर, आणि त्याच्या माणसांनी प्रश्न बदलला. बाजार कोणत्या गुणाला जास्त पैसे मोजतोय आणि कोणत्या गुणाला त्याच्या खऱ्या किमतीपेक्षा कमी, असा तो प्रश्न झाला. पिक्चरचा सगळा गाभा मला या एका बदलात दिसतो. कॉम्प्युटर त्यानंतर येतो.

आता तो कमी भावात मिळणारा गुण कोणता हे कळायला थोडा बेसबॉल लागेल. एका टीमला ९ इनिंग, प्रत्येक इनिंगमध्ये ३ आऊट, म्हणजे मॅचभरात २७ आऊट. बॉलची मर्यादा नाही, एकूण वेळेची नाही, फक्त आऊट संपेपर्यंत खेळायचं. म्हणजे हातात असलेली खरी पुंजी काय, तर आऊट. मैदानावर चार बेस, ते सगळे फिरून आलं की एक रन. आता बॅटर दोन मुख्य प्रकारे पहिल्या बेसवर पोचतो. एक, बॉल मारून, त्याला हिट म्हणतात. दुसरा, पिचरने (म्हणजे तिथल्या बॉलरने) ठरावीक चौकटीबाहेर चार बॉल टाकले आणि बॅटरने ते सोडून दिले तर त्याला फुकट पहिला बेस मिळतो, त्याला वॉक म्हणतात. बॅटिंग ॲव्हरेज नावाचा जो आकडा शंभर वर्षांहून जास्त काळ पेपरात छापून येत होता, त्यात वॉक धरतच नाहीत. बॉल मारला तर कौतुक, सोडला तर काही नाही. पण पुंजीच्या हिशोबाने बघ, दोन्हीत आऊट वाचला! वॉकसकट मोजणारा आकडा म्हणजे ऑन-बेस पर्सेंटेज, म्हणजे साधारणपणे दर हजार वेळा बॅटिंगला आला तर कितीदा आऊट न होता बेसवर पोचला. रन कोणामुळे होतात याच्याशी हा आकडा ॲव्हरेजपेक्षा जास्त घट्ट जोडलेला आहे, आणि त्या काळात पगार मात्र ॲव्हरेज, होम रन (थेट मैदानाबाहेर मारलेला फटका) आणि वेग बघून ठरत होते.

पिक्चरमध्ये आकड्यांचा जो हिशोब पटकन निघून जातो तो थांबून बघण्यासारखा आहे. २००१ मध्ये जिआंबीचा ऑन-बेस आकडा .४७७ (म्हणजे हजारात ४७७ वेळा), डेमनचा .३२४, आणि ओल्मेडो साएन्झ नावाच्या तिसऱ्या एका बॅटरचा .२९१ (इझरिंगहाउझन पिचर, म्हणून तो या हिशोबात नाही). तिघांची सरासरी काढलीस तर .३६४ येते. जिआंबीसारखा दुसरा माणूस जगात कुठे मिळणार नव्हता, मिळाला असता तरी परवडला नसता. पण सरासरी .३६४ असलेले तीन साधे खेळाडू शोधणं शक्य होतं. त्यातला एक स्कॉट हॅटेबर्ग, बॉस्टनचा कॅचर (तिथला विकेटकीपर म्हण), कोपराच्या नसांना दुखापत झाल्याने थ्रो गेलेला, त्यामुळे कॅचर म्हणून कोणाला नको होता. याला ओकलंडने पहिल्या बेसवर उभं केलं, जिथे थ्रो फार लागत नाही. २००२ मध्ये त्याचं बॅटिंग ॲव्हरेज .२८०, ठीकठाक, पण ऑन-बेस .३७४. जिआंबीला दिलेल्या पैशांच्या अगदी लहानशा हिश्शात!

आपल्याकडच्या क्रिकेटमध्ये वाढलेल्या माणसाला खरं तर हे परकं वाटायला नको. मुंबईच्या मैदानांवर "खडूस" बॅटिंगचं जे कौतुक आहे ते काय वेगळं आहे का? विकेट फेकायची नाही, बाहेरचा बॉल सोडायचा, बॉलरला दमवायचं. तो सोडलेला बॉल स्कोअरबुकात नुसता एक ठिपका असतो, पण शिवाजी पार्कवर कट्ट्यावर बसलेल्या जुन्या माणसाला त्या ठिपक्याची किंमत कळते. अमेरिकेत त्या ठिपक्याला नाव होतं, नोंद होती, फक्त त्याचे पैसे कोणी देत नव्हतं.

मग हे सगळं एका पोराने शोधलं का? नाही. पिक्चरमधला तो लॅपटॉपवाला पीटर ब्रँड हा माणूस तसा अस्तित्वातच नाही, तो मुख्यतः बीनचा सहाय्यक पॉल डीपोडेस्टा याच्यावरून घेतलाय, जो हार्वर्डचा होता आणि ज्याने आपलं नाव वापरू दिलं नाही. पण त्याच्याही बरंच आधी बिल जेम्स नावाचा माणूस कॅन्ससमध्ये एका डबाबंद अन्नाच्या फॅक्टरीत रात्रपाळीचा वॉचमन होता आणि १९७७ पासून स्वतःच्या खर्चाने बेसबॉलच्या आकड्यांची पुस्तिका छापत होता. रन कशा होतात, कोणता आकडा फसवा आहे, फिल्डरच्या एरर मोजून त्याची फिल्डिंग का कळत नाही (जो बॉलपर्यंत पोचतच नाही त्याच्या नावावर एररही लागत नाही!), हे सगळं त्याने तेव्हाच मांडलं. आणि ओकलंडमध्ये ते वाचून आधी कामाला लावलं ते बीनच्या आधीचा जनरल मॅनेजर सँडी आल्डरसनने. बीन १९९७ च्या शेवटी त्या खुर्चीत आला, तोपर्यंत वाट पडलेली होती.

बीनची स्वतःची गोष्ट मात्र पिक्चरने बरोबर पकडलीये आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. १९८० मध्ये न्यूयॉर्क मेट्सने त्याला ड्राफ्टच्या, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या, पहिल्या फेरीत उचललं, अंगकाठी, वेग, ताकद सगळं बघून स्काऊट, म्हणजे खेळाडू शोधणारे लोक, प्रेमात पडले होते, आणि मग मोठ्या लीगमध्ये तो जेमतेम १४८ मॅच खेळला, ॲव्हरेज .२१९. १९९० मध्ये त्याने खेळणं सोडून स्काऊट व्हायचं मागून घेतलं. नुसतं बघून केलेला अंदाज किती चुकू शकतो याचा दाखला त्याला बाहेर शोधावा लागला नाही. मला वाटतं म्हणूनच आकडे ऐकून घ्यायची त्याची तयारी होती. तुझ्या सरांशी बोलताना हे लक्षात ठेव, बऱ्याचदा माणूस कोणते आकडे ऐकेल हे त्याला आधी कुठे ठेच लागलीये त्यावर ठरतं.

आता पिक्चरने काय गाळलंय. हे सांगणं मला गरजेचं वाटतं, कारण इथेच लोक चुकीचा धडा घेतात. त्या २००२ च्या टीममध्ये टिम हडसन, मार्क मल्डर आणि बॅरी झिटो असे तीन पिचर होते. झिटोने त्या वर्षी २३ मॅच जिंकून दिल्या आणि सर्वोत्तम पिचरचं साय यंग अवॉर्ड घेतलं, मल्डरच्या १९, हडसनच्या १५. बेरीज ५७, एकूण १०३ पैकी. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर) मिगेल तेहादा त्याच वर्षी अमेरिकन लीगचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू. तिसऱ्या बेसवर एरिक चावेझ. पिक्चरमध्ये हे लोक जवळजवळ दिसतच नाहीत, दिसतात ते हॅटेबर्ग आणि चॅड ब्रॅडफर्ड नावाचा पिचर. आणि या पाचांना आणलं कोणी? ओकलंडच्याच स्काऊट आणि ड्राफ्टवाल्या लोकांनी. तेहादा डोमिनिकन रिपब्लिकमधून लहान वयात घेतलेला, तिथे कुठले आलेत विश्वास ठेवण्यासारखे आकडे, तिथे डोळाच लागतो. हडसन तर ड्राफ्टच्या सहाव्या फेरीत मिळालेला. शिवाय तिथला नियम असा की खेळाडू मोठ्या लीगमध्ये आल्यावर साधारण पहिली ६ वर्षं क्लबच्या ताब्यात राहतो, त्यातली पहिली तीनेक वर्षं किमान पगाराच्या आसपास, आणि २००२ मध्ये तो किमान पगार होता २ लाख डॉलर. म्हणजे ओकलंडचा स्वस्तातला सगळ्यात मोठा माल हा त्यांचे घरचे तरुण खेळाडू होते. हॅटेबर्गसारख्या जोडण्यांनी वरच्या काही मॅच मिळवून दिल्या, पण पाया तिथे होता. आकडेवाल्यांनी स्काऊटना हरवलं असं म्हणणं त्या स्काऊटवर अन्याय आहे आणि मला ते खटकतं. मॅनेजर (तिथला मैदानावरचा कोच) आर्ट हाउ यांनीही पिक्चरमध्ये आपल्याला जसं दाखवलंय त्यावर उघड नाराजी बोलून दाखवली होती. तारखाही हलवल्यात, जेसनचा भाऊ जेरेमी जिआंबी आणि ब्रॅडफर्ड २००२ साठी नवीन आणल्यासारखे दाखवलेत पण ते दोघेही २००१ मध्ये टीममध्ये होतेच.

पिक्चरमधले सलग २० विजय मात्र पूर्ण खरे. ४ सप्टेंबर २००२, कॅन्सस सिटीविरुद्ध ११-० अशी आघाडी, मग ती ११-११, आणि शेवटच्या इनिंगमध्ये हॅटेबर्गचा होम रन. मी घरी रेडिओवर ऐकत होतो, ११-० झाल्यावर भांडी घासायला घेतली होती, आणि शेवटी ओल्या हातांनी रेडिओजवळ उभा होतो. ते पिक्चरवाल्यांना काही वाढवावंच लागलं नसेल.

आता तू स्टॅटिस्टिक्सवाला आहेस म्हणून थोडं खोलात. २००२ मध्ये ओकलंडने ८०० रन केल्या आणि ६५४ दिल्या. टीमने किती हिस्सा मॅच जिंकायला हव्या होत्या याचा अंदाज देणारं बिल जेम्सचं एक सूत्र आहे, केलेल्या रनचा वर्ग भागिले दोन्ही वर्गांची बेरीज. ६,४०,००० भागिले १०,६७,७१६, म्हणजे .५९९, गुणिले १६२ मॅच, उत्तर ९७. प्रत्यक्षात जिंकल्या १०३. सहा मॅच वरच्या कुठून आल्या? बऱ्याचशा नशिबाने. नुसतं नाणं उडवलं तरी १६२ वेळांचं स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे नुसत्या योगायोगाने आकडा साधारण किती इकडेतिकडे होतो ते, सहाच्या वर येतं, तू हे काढून बघ. म्हणजे ज्या वर्षावर पिक्चर निघाला त्या वर्षातही नशिबाचा वाटा होता, आणि टीम तरीही खरोखर चांगली होती, दोन्ही एकदम खरं असू शकतं.

आणि हेच उलट बाजूने प्लेऑफला. २०००, २००१, २००२, २००३, चारही वर्षं ओकलंड पहिल्याच फेरीत पाच मॅचच्या मालिकेत ३-२ ने हरलं. टीकाकार म्हणाले बघा, आकड्यांनी सीझन जिंकता येतो, मोठी मॅच नाही. गणित काय म्हणतं? समज प्रत्येक मॅच जिंकायची शक्यता ५५ टक्के आहे, प्लेऑफमध्ये समोरचाही तगडाच असतो त्यामुळे यापेक्षा जास्त धरणं बरोबर नाही. मग पाचच्या मालिकेत जिंकायची शक्यता ५९ टक्के, हरायची ४१. चारदा लागोपाठ हरायची साधारण ३ टक्के. हे कमी आहे, पण अशक्य नाही, आणि दरवर्षी इतक्या टीम असताना कोणावर तरी ही पाळी येणारच. मी यावरून "पद्धत चुकली" असं म्हणणार नाही आणि "नुसतं दुर्दैव" असंही शपथेवर सांगणार नाही. औषधांच्या कामात आम्हाला रोज हेच करावं लागतं, चार रुग्णांवरून औषध वाईट ठरवायचं नाही आणि चांगलंही नाही.

पुढे काय झालं तेही बघ. बॉस्टनच्या मालकाने बीनला जनरल मॅनेजर म्हणून ५ वर्षांचे सव्वा कोटी डॉलरच्या आसपास देऊ केले, तो गेला नाही. मग २८ वर्षांच्या थिओ एप्स्टीनला त्यांनी घेतलं, बिल जेम्सलाही नोकरीवर ठेवलं, आणि २००४ मध्ये ८६ वर्षांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिथली फायनल, जिंकली. तेव्हा बॉस्टनकडे ओकलंडची विचार करायची पद्धतही होती आणि यांकीजच्या जवळ जाणारा पैसाही. आणि ऑन-बेस आकड्याचा भाव? हेक्स आणि सॉवर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये पगार तपासून दाखवलं की आधी हा गुण खरंच त्याच्या किमतीपेक्षा स्वस्त मिळत होता, आणि २००४ पर्यंत ती सूट संपली होती. म्हणजे कोडं सुटलं आणि सगळ्यांना कळलं की त्यातली कमाई गेली. नंतर टँपा बेसारख्या टीमने दुसऱ्या गोष्टी शोधल्या, फिल्डिंग कुठे लावायची, पिचर किती वेळ ठेवायचा. २०१५ पासून प्रत्येक स्टेडियममध्ये कॅमेरे आणि रडार बसले, बॉल बॅटवरून किती वेगाने आणि कोणत्या कोनात निघाला तेही मोजतात. आज आकडे न वापरणारी टीमच नाही. आणि त्याची किंमत बघणाऱ्यांनी मोजली, सगळ्यांना सारखंच उत्तर कळल्याने खेळ होम रन, वॉक आणि स्ट्राइकआऊट (पिचरने बॅटरला बॉल नीट मारूच न देता केलेला आऊट) यांच्यातच अडकायला लागला, शेवटी २०२३ मध्ये फिल्डर कुठे उभे राहायचे यावर नियम आणावा लागला आणि पिचरसाठी घड्याळ लावावं लागलं. मला जुना खेळ जास्त आवडायचा. ए'ज आता ओकलंडमध्येही नाहीत, सप्टेंबर २०२४ मध्ये कोलिझियममधली शेवटची मॅच झाली आणि टीम सॅक्रामेंटोला गेली, लास व्हेगासच्या वाटेवर. त्या पुलावरून चालत जायला आता कारणच उरलं नाही.

बरं, क्रिकेट. इथे खरंच परिस्थितीवर अवलंबून आहे. पहिला प्रश्न, तुझ्या खेळात पुंजी काय आहे? बेसबॉलमध्ये आऊट. कसोटीत विकेट, बरंचसं बेसबॉलसारखं. टी-ट्वेंटीत मात्र १० विकेट आणि १२० बॉल, आणि बऱ्याच इनिंगमध्ये बॉल संपतात तेव्हा विकेट शिल्लक असतात. म्हणजे तिथे बॉल महाग, विकेट त्यामानाने स्वस्त. म्हणून टी-ट्वेंटीत ४५ बॉलमध्ये ४० करून नाबाद राहणारा ॲव्हरेजमध्ये चमकतो आणि टीमला मागे ओढतो. हॅटेबर्ग ज्या गुणासाठी हिरा ठरला तोच गुण इथे ओझं होऊ शकतो. यात नवीन काही नाही, डकवर्थ-लुईसची पद्धत १९९७ पासून हेच सांगतेय, उरलेले बॉल आणि उरलेल्या विकेट मिळून टीमकडे पुंजी किती. लोक तिला पावसाचा नियम समजतात, पण माझ्या मते क्रिकेट कसं बघावं हे शिकायचं ते सगळ्यात चांगलं पान आहे. तू आधी ते वाच.

दुसरी गोष्ट, बेसबॉल आकड्यांना इतका सोपा का? कारण एक पिचर, एक बॅटर, सुटी सुटी गाठ, आणि १६२ मॅच. तुमच्या कॉलेजची टीम वर्षाला खेळणार किती, दहा-बारा? बॅटरचे स्कोअर असे पसरलेले असतात की त्यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन साधारण ॲव्हरेजएवढंच येतं. १० इनिंगमध्ये ३० चं ॲव्हरेज असेल तर त्यातली अनिश्चितता झाली ३० भागिले १० चं वर्गमूळ, म्हणजे नऊ-साडेनऊ. मग ३० वाला आणि ३८ वाला यातला कोण चांगला हे तुझ्या वहीवरून सांगताच येत नाही. तिथे सरांचा डोळा तुझ्या ॲव्हरेजपेक्षा जास्त माहिती देतो, कारण त्यांनी त्या पोरांना नेटमध्ये हजारो बॉल खेळताना बघितलंय. तुझा सॅम्पल १० चा आहे आणि त्यांचा काही हजारांचा, फक्त तो कागदावर नाही.

तिसरी गोष्ट, मैदान. ओकलंडच्या कोलिझियममध्ये रेषेबाहेरची जागा प्रचंड होती, इतर मैदानांवर प्रेक्षकांत गेला असता असा उंच बॉल तिथे फिल्डर पकडायचा, त्यामुळे तिथे बॅटिंगचे आकडे थोडे कमीच दिसायचे. डेन्व्हरला उलट, मैलभर उंचीवर हवा विरळ, बॉल उडतो. आपल्याकडे हेच बघायचं तर मुंबईची कांगा लीग, भर पावसाळ्यात, ओल्या विकेटवर, वाढलेल्या गवतात. तिथले ३० आणि जानेवारीत पाटा विकेटवरचे ३० सारखे कसे धरणार? जुन्या क्रिकेटर लोकांना हे न मोजता माहीत असतं. तुझ्या वहीत मात्र दोन्ही ३०च लिहिलेले असतात.

आता माझी चूक. दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्या क्लबच्या वीस ओव्हरच्या मॅचसाठी मी सगळ्यांचे स्ट्राइक रेट काढले. एक मुलगा १५० च्या वर, आणि खेळायला यायचा सातव्या नंबरवर. मी म्हटलं हा वाया चाललाय, ओपनिंगला पाठवा. कॅप्टन वयाने मोठे, रत्नागिरीकडचे, टेनिस बॉलवर वाढलेले. ते म्हणाले, "याचे पाय नव्या बॉलला हलत नाहीत रे." मी आकडे पुढे केले, आग्रह धरला, त्यांनी ऐकलं. पुढच्या आठ इनिंगपैकी सहा वेळा तो दहाच्या आत गेला, आणि मनाने इतका खचला की परत खाली पाठवल्यावरही बरेच दिवस सावरला नाही. झालं असं होतं की त्याचे सगळे रन शेवटच्या तीन ओव्हरमधले, फिल्डर पांगलेले, बॉलर दमलेले, आऊट झालं तरी कोणी बोलणार नाही. मी जे मोजलं ते त्याचं कौशल्य कमी आणि त्याला मिळालेली परिस्थिती जास्त होती. याला सिलेक्शन बायस म्हणतात हे मी पोरांना शिकवतो, आणि स्वतःच्या क्लबमध्ये मला ते दिसलं नाही. त्या मुलाची मी माफी मागितली. त्यानंतर कुठलाही आकडा पुढे करण्याआधी मी विचारतो की हा कुठल्या परिस्थितीत जमा झालाय, आणि ज्याने डोळ्यांनी बघितलंय त्याला काय दिसतंय.

मग तू काय करायचं? सिलेक्शनच्या बैठकीत यादी घेऊन जाऊ नकोस. कॉलेजच्या टीममध्ये कोणाला पगार नाही, त्यामुळे भाव म्हणजे काय, तर ११ मधली जागा आणि बॅटिंगचा नंबर. कुठल्या गुणाकडे दुर्लक्ष होतंय ते शोध, आणि तो गुण असा निवड की जो पटकन जमा होतो. रन दहा इनिंगमध्ये फार कमी सांगतात, पण बॉल? दहा मॅचमध्ये दोन-सव्वादोन हजार बॉल टाकले जातात. प्रत्येक बॉलला बॅटर चुकला का, कट लागला का, बरोबर मधोमध लागला का, एवढंच लिहिलंस तरी खूप. बॉलरचंही तसंच, विकेट किती पडल्या यापेक्षा बॅटर किती वेळा चकला. आणि फिल्डिंग तर आपल्याकडे कोणी लिहीतच नाही, कोणी किती रन वाचवल्या, कोणाच्या हातून सुटल्या, कोण बॉलपर्यंत पोचलाच नाही. माझा अंदाज असा की तुमच्या टीममध्ये दुर्लक्षित गुण असेल तर तो तिथेच सापडेल. ११ मधल्या आठव्या-नवव्या जागेसाठी दोघं सारखे वाटत असतील तर जो मॅचमागे आठ रन वाचवतो त्याला घ्या, हे सरांना पटवणं सोपं आहे.

आणि सरांशी बोलताना उत्तर घेऊन जाऊ नकोस, प्रश्न घेऊन जा. "सर, हा तिसऱ्या स्लिपला का चांगला वाटतो तुम्हाला?" ते जे सांगतील ते मोजता येतं का बघ. ओकलंडमध्येही चांगलं काम झालं ते स्काऊटने बघायचं आणि कोणीतरी मोजायचं असं दोन्ही एका टेबलावर आलं तिथेच.

करिअरचं विचारलंयस, तर काम आहे, क्रिकेटमध्ये आता प्रत्येक मोठ्या टीमकडे ॲनालिस्ट असतो, पण जागा मोजक्या आणि मागणारे खूप, त्यामुळे नुसत्या त्याच भरवशावर राहू नकोस, स्टॅटिस्टिक्स पक्कं असेल तर इतर दहा ठिकाणी घेतील. सरावासाठी क्रिकशीटवर क्रिकेटचा बॉल-बाय-बॉल डेटा फुकट मिळतो, बेसबॉलसाठी रेट्रोशीट. आधी वरचं ८००-६५४ वालं सूत्र आयपीएलच्या एका सीझनला लावून बघ, घातांक २ ठेवून जमणार नाही, किती ठेवावा लागतो ते शोध आणि तो तेवढाच का येतो याचा विचार कर, त्यात दोन आठवडे मजेत जातील.

आणि पुढच्या मॅचला स्कोअरबुकाशेजारी एक साधी दोनशे पानी वही ठेव, प्रत्येक बॉलला एक ओळ, तीन रकाने, बॅटर, बॉलर, बॉल कसा लागला. चार मॅच झाल्या की एका पानाचा फोटो इथेच टाक, रकाने कमी-जास्त करायचे का ते मी बघून सांगतो.